दादा, छत उघडलंय

तीर्थस्वरूप दादास,


परवा फोनवर तू दोनच वाक्यं बोललास. ‘खर्च किती आला?’ आणि ‘बरं होतं की घर, कशाला उकरत बसलीस?’ खर्चाचा हिशेब तुझ्या लेकाला पाठवला आहे, तो सांगेल. दुसऱ्या प्रश्नाला फोनवर उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसले. डोळ्यांना त्रास होत असेल तर वहिनींना मोठ्यानं वाचायला सांग. यातलं काही त्यांच्यासाठीही आहे.

घर बरं होतं? मागच्या उन्हाळ्यात तू इथं आला होतास ना? पुढच्या गाळ्यात भाड्यानं राहणारी पोरं आठवतात? एमआयडीसीतून रात्रपाळी करून यायची आणि चादर घेऊन मारुतीच्या पारावर जाऊन आडवी व्हायची. भरदिवसा, हायवेच्या ट्रकांच्या आवाजात. तूच विचारलंस, ‘खोली असताना ही बाहेर का झोपतात?’ मी तेव्हा काही बोलले नाही. आत पाऊल टाकलं असतंस तर तुझं तुलाच कळलं असतं. वर पत्रा, पत्र्याखाली पीओपी, समोर लोखंडी शटर, मागची खिडकी बुजवून त्या जागी कपाट. बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना त्या खोलीत माणूस निजेल कसा? आणि ती खोली कोणती, दादा? आपली ढाळज. दुपारच्या वेळी निम्मं गाव जिथं येऊन टेकायचं ती. आप्पा एका कट्ट्यावर, समोरच्या कट्ट्यावर येणारा-जाणारा, मधे पाण्याचा रांजण. वाटसरूला कुणाचा कोण म्हणून कधी विचारलं नाही, आधी तांब्या पुढं केला. तिथं आपण शटर लावलं.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. तुझ्या नातवानं हे घर पत्रा आणि पीओपीचंच पाहिलं आहे. त्याला कुणी तरी सांगायला हवं. सोळा खणांचं घर. दोन-दोन हात रुंदीच्या काळ्या दगडाच्या भिंती, आत सागाचे खांब, खांबाखाली घडीव तळखडे. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचं, किलचांवर लिंबाचा पाला, त्यावर मातीचा थर आणि सगळ्यात वर गढीची पांढरी माती: हेच आपलं माळवद. आपल्या जिल्ह्याचा पाऊस वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही तुटक. छपराला उतार हवाच कशाला? पन्हळीकडं थोडा ढाळ दिला की भागायचं. मृगाच्या आधी आजी आप्पांच्या मागं लागायची, मग गाढवांवरून पांढरी माती यायची. ती अंथरायची, पाणी मारायचं, चोपायची. तू वर चोपणं घेऊन, मी शिडीवर घागर घेऊन. दिवसभराचं ऊन त्या मातीतच अडकून पडायचं. ते आत उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री आपण सगळे माळवदावरच असायचो. माजघरात उजेड यावा म्हणून वर ठेवलेलं ते साणं आठवतं? पावसाचा थेंब पडला की त्यावर घमेलं पालथं घालायला कुणी धावायचं, यावरून आपली रोज भांडणं. आणि दर वेळी वर जायचास तूच.

मग 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून सगळं गाव गाढ झोपलेलं. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. तू सोलापुरात, गिरणीच्या रात्रपाळीला. किलचांच्या फटींतून माती आमच्या अंगावर पडायला लागली तेव्हा आईनं मला दंडाला धरून चौकात ओढलं. देवळीतली समई खाली पडलेली, गोठ्यातल्या गायी हंबरताहेत, आणि आम्ही दोघी उघड्यावर उभ्या. उजाडताना तू आलास, मिळेल तो ट्रक पकडून. आधी आईच्या, मग माझ्या डोक्यावरनं हात फिरवलास. आणि मान वर करून कितीतरी वेळ माळवदाकडं बघत राहिलास. काही बोलला नाहीस. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायची गरज तरी होती का? दुपारपर्यंत रेडिओवरून किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर यायला लागली होती.

सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि बहुतेक सगळी स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. आपल्यासारख्याच घरांखाली. पुढं इंजिनिअर लोक आले, त्यांनी कारणं सांगितली. भिंत बाहेरून एकसंध दिसायची, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे नुसती गोटे-मातीची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. धक्का बसला की दोन्ही थर दोन दिशांना फुटायचे. आणि वर माळवद. दर पावसाळ्याआधी नवी माती चढवायची, जुनी मात्र कुणी काढायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं करत काही घरांवर भलताच जाड थर साचला होता. हे सगळं वजन एका क्षणात खाली आलं. पण इंजिनिअरांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती, ती आपल्या भागात फारशी कुणी ऐकली नाही: कित्येक घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी खांबांवरचं छत उभंच राहिलं होतं. लाकडानं दगा दिला नव्हता.

लोकांना एवढंच दिसलं की दगड-मातीचं घर जीव घेतं. लातूर, धाराशिव, आपला सोलापूर, तिन्ही जिल्ह्यांत माळवदं उतरायला लागली आणि पत्रे चढायला लागले. तूही तेच केलंस. पण दादा, तू नुसते पत्रे टाकले नाहीस. जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारचा दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला, त्याचे कागद तू मिळवलेस आणि रात्र-रात्र वाचलेस. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरलंस. दाराच्या चौकटींच्या वर, सगळ्या भिंतींना मिळून काँक्रीटचा पट्टा फिरवलास. गवंडी म्हणत होता, ‘दिसणार नाही त्या कामाला एवढं सिमेंट कशाला?’ तू त्याला दिलेलं उत्तर मला तोंडपाठ आहे, पण पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता काम काढलं तेव्हा सोलापूरहून स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेला. सगळं घर हातोडीनं ठोकत फिरला. तुझा पट्टा त्यानं तपासला आणि म्हणाला, ‘याला हात लावायचा नाही. हे ज्यानं केलं त्याला पुरतं कळत होतं.’ दादा, हे वाक्य तुला पोचवण्यासाठी हे पत्र लिहिलं असं समज, बाकी सगळं वाचलं नाहीस तरी चालेल. तुझा पट्टा राहतोय. त्याच्यावरून चुन्याचा गिलावाही देत नाही. आहे तसा दिसू दे. या घराला तीस-बत्तीस वर्षं ज्यानं कवटाळून धरलं ते झाकायचं कशासाठी?

पण त्यानंतरचं? ते मी कसं माफ करू?

गिरणीतलं काम गेलं, तू एमआयडीसीत लागलास, फिटर म्हणून नाव झालं, ओव्हरटाइमचा पैसा हातात आला. त्या पैशाचा मला राग नाही. त्यावर आपली सगळ्यांची पोरं शिकली. राग आहे त्या ठेकेदाराचा, ज्यानं तुला सांगितलं की हे घर पाहुण्यांना दाखवण्यासारखं नाही. त्याचं ऐकून ओसरीची शहाबादी फरशी उखडलीस आणि चकचकीत टाइल्स घातल्यास, ज्यांच्यावरून आई पहिल्याच पावसात घसरली. गजांच्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या आणल्यास, ज्यांतून निम्माच वारा येतो. चौकावर फायबरचे पत्रे टाकलेस. घरातली गरम हवा ज्या वाटेनं वर निघून जायची तीच वाट बुजली. आणि भिंतींना आत-बाहेर सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइल पेंट. घामेजल्या अंगावर रेनकोट चढवावा तसं झालं त्या भिंतींचं. दगड-मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि वाऱ्यावर सोडून देते, शंभर वर्षं हेच चाललं होतं. तू खालून टाइल्सनं आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटनं तिला कोंडलंस. ओल जाणार कुठं? वर चढत गेली. देवघराच्या भिंतीला छातीइतक्या उंचीपर्यंत लोणा लागला, आणि आपण दर दिवाळीला तो खरवडून वर नवा रंग देत राहिलो. भिंत जुनी झाली, भिंत जुनी झाली, असं तू म्हणायचास. जुनी होती तेव्हा तर ती कोरडी होती, दादा.

सिमेंट उतरवायला मोहोळकडचा एक म्हातारा गवंडी मिळाला. छिन्नी अशी तिरकी धरतो की दगडाची कड दुखावत नाही. त्यानंच चुना लावायला घेतला. कळीचा चुना आणून खड्ड्यात विरवला, कित्येक आठवडे पाण्याखाली मुरू दिला. मग वाळू आणि विटांची भुकटी घालून मळला, वर गुळाचं आणि हिरड्याचं पाणी, तागाचे बारीक तुकडे. पूर्वी हे सगळं बैलाच्या घाणीत दळायचे. त्या घाणीचं दगडी चाक अजून ओढ्याकाठी पडलेलं आहे, आपण लहानपणी त्यावर बसून बोरं खायचो ते. आता मिक्सरवर भागवलं. पहिल्यांदा सगळ्या सांध्यांतली कुजकी माती कोरून काढली, चुन्यानं दर्जा भरल्या आणि महिनाभर ओलं गोणपाट लावून ठेवलं. मी म्हातारबुवांना म्हटलं, फार दिवस लागतात हो. ते म्हणाले, ‘सिमेंट लगेच धरतं आणि लगेच तडकतं. चुना सावकाश धरतो, पण मग सोडत नाही.’ देवघराच्या भिंतीवर आता तळवा ठेवला तर हाताला कोरडं लागतं. लोणा खालच्या दोन-तीन थरांत अजून आहे. तो हळूहळू बाहेर येईल, आपण झाडून टाकू. घाई करायची नाही असं ठरलंय.

आणि पुढची चौकट. तिच्याबद्दल तुला सविस्तर सांगते, कारण ते काम मी स्वतः केलं. शाळेतून आले की पदर खोचून बसायचे. सुताराचं म्हणणं, रसायन नको, त्यानं लाकडाचा कस जातो. म्हणून थोडी गरम हवा मारून रंग मऊ करायचा आणि काचेच्या तुकड्यानं खरवडायचा. सगळ्यात वर चॉकलेटी: तुझ्या लेकाच्या लग्नातला. त्याखाली आकाशी: माझ्या लग्नातला. तुला आकाशी आवडायचा नाही, मी हट्ट केला म्हणून दिलास. त्याखाली हिरवा, तो कधीचा ते मलाही आठवेना. वहिनी म्हणाल्या, त्या घरात आल्या तेव्हा दार हिरवं होतं. आणि हिरव्याखाली रंगच नाही, नुसतं तेल आणि धूर प्यालेलं काळपट लाकूड. गणेशपट्टीच्या दोन्ही बाजूंना कमळं आहेत हे आपल्याला माहीत होतं, पण कमळाच्या पाकळ्यांना शिरा कोरलेल्या आहेत हे तुला तरी ठाऊक होतं का? रंगानं सगळ्या बुजल्या होत्या. एक-एक शीर मी टाचणीनं मोकळी केली. आणि खालच्या अंगाला अक्षरं निघाली: शके 1832. म्हणजे 1910 साल. आप्पा म्हणायचे ‘घर प्लेगाच्या आधीचं’, आजी म्हणायची ‘नंतरचं’. आजीचं खरं होतं. सोलापूरला प्लेग आला तो त्याच्या बऱ्याच आधी.

सगळी चौकट खरवडली नाही, हे तुला मुद्दाम सांगते. आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, चार बोटं रुंद पट्टी तशीच ठेवली आहे. चॉकलेटी, आकाशी, हिरवा, एकाखाली एक. बाकीच्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं.

आता तू विचारशील, मग नेमकं कुठल्या काळात नेऊन सोडणार आहेस घराला? आजीच्या? आप्पांच्या? हा प्रश्न मलाही पडला, आणि यावर मी बरंच वाचलं. 1877 मध्ये आपल्या सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली, जिला पुढं सगळे जुनी गिरणीच म्हणायला लागले. त्याच वर्षी तिकडं लंडनमध्ये विल्यम मॉरिस म्हणून एक माणूस होता, कवी आणि कापडावरच्या नक्ष्यांचा कारागीर, त्यानं जुन्या इमारती जपण्यासाठी संस्था काढली. त्याचा मुख्य राग कुणावर असेल? ‘मूळ रूप परत देतो’ म्हणत मधल्या पिढ्यांनी घातलेली भर खरवडून टाकणाऱ्यांवर. इमारतीची रोजची काळजी घ्या, पडझड थांबवा, आणि खोटं जुनेपण बनवू नका, असं त्याचं म्हणणं. ते वाचलं आणि मला ओसरीची शहाबादी आठवली. ती तरी कुठं घराइतकीच जुन्या रीतीची? 1860 मध्ये सोलापूरला रेल्वे आली, 1871 पर्यंत ती रायचूरला पोचली, शहाबाद त्याच वाटेवर. पणजोबांनी ओसरीला ती फरशी घातली तेव्हा गावातले म्हातारे म्हणाले असतील, शेणानं सारवलेली जमीन काय वाईट होती? प्रत्येक पिढीनं आपापल्या वेळची नवी वस्तू आणलीच आहे. तिला घरानं आपलं मानलं की नाही, एवढंच बघायचं. शहाबादी उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात पायाला धरून ठेवणारी, फुटली तर एक काढून दुसरी बसवता येणारी. ती आता परत आली आहे, आणि तिच्याखाली सिमेंट नाही, चुना आहे.

म्हणून मी काळ ठरवला नाही. प्रत्येक गोष्टीला एकच विचारलं: तू इथं माणसासाठी आलीस की दिखाव्यासाठी?

मागचा संडास, बाथरूम तसंच राहतंय. त्यावर एक शब्द कुणी बोलायचा नाही. जुन्या घरात काय होतं आम्हा बायकांना? पहाटेच्या अंधारात ओढ्याकडं जायचं, नाही तर दिवसभर कळ काढायची. जत्रेला, लग्नाला आलेल्या मावश्या आईच्या कानाशी लागून विचारायच्या, आणि आई खाली मान घालायची. 1994 मध्ये, गावात मोजक्या घरांत संडास असताना, तू आईसाठी तो बांधलास. वरच्या गल्लीतली माणसं हसली, वाड्यात संडास म्हणून. तू ऐकून घेतलंस. तेव्हा मी तुला काही बोलले नव्हते, आज बोलते: माझ्यासाठी या घरातली सगळ्यात मानाची खोली तीच आहे.

वहिनी, तुमचा ओटाही राहतोय. चुलीपुढं बसून तुमचे गुडघे गेले ते पुरे झालं. ग्रॅनाइट आहे तसं ठेवलं, फक्त ओट्यावरची बुजवलेली देवळी परत उघडली. तुम्ही तिथं तिखटा-मिठाची बरणी ठेवायचात ना? ठेवा पुन्हा. स्वयंपाकघरावरचा स्लॅबही राहील, गळती काढून घेतली आहे. जातं ते एवढंच: टाइल्स, सिमेंटचा गिलावा, फायबर, ॲल्युमिनियम, शटर आणि पीओपी.

त्या पीओपीचंच सांगायचं राहिलं. दादा, आता नीट ऐक.

सोप्यातलं पीओपी काढायला पोरं वर चढली. पहिला तुकडा खाली आला, दुसरा आला, आणि वरून एक पोरगा ओरडला, ‘बाई, इथं पोती आहेत.’ मला वाटलं, ठेकेदारानं राडारोडा वरच टाकून दिला असेल. पोती खाली घेतली. युरियाची पोती, तोंडं सुतळीनं शिवलेली. एक सोडलं. आत वाळलेला लिंबाचा पाला, पाल्यात गुंडाळलेला खांबाचा हस्त. आपला, मोराचा. दुसऱ्यात महिरपीचे तुकडे. तिसऱ्यात खिडक्यांचे गज, तेल लावलेले. प्रत्येक तुकड्याला तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला. बिल्ल्यावर नंबर पंचनं ठोकलेला आकडा, आणि आकड्याआधी खिळ्यानं कोरलेलं अक्षर. पू 1, पू 2, द 1, द 2. पूर्व, दक्षिण. कोणता तुकडा कुठल्या भिंतीचा, कितव्या खांबाचा, सगळं.

हे कुणाचं काम आहे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. खूण केल्याशिवाय यंत्राचा एक नट सोडायचा नाही, हे तू माझ्या पोरालाही शिकवलं होतंस. मी तिथंच, धुरळ्यात, फरशीवर बसले. कामावरची पोरं घाबरली.

का बोलला नाहीस? इतकी वर्षं मी तुला घर बुडवलं म्हणून ऐकवत आले. भाऊबीजेला, आईच्या वर्षश्राद्धाला, सगळ्यांसमोर. तू ताटातलं खाली मान घालून जेवत राहिलास. एकदा तरी म्हणायचंस, ‘अगं, वर बघ.’ ठेकेदार हे सगळं भंगारात घालणार होता, असं वहिनी परवा फोनवर म्हणाल्या. तू रजा टाकून एकट्यानं वर चढून रचून ठेवलंस. लेकाच्या लग्नाआधी घर चकाचक दिसावं म्हणून सगळ्यांनी धोशा लावला होता, तू एकटा सगळ्यांना ‘हो’ म्हणालास आणि रात्री बिल्ले ठोकत बसलास. हे घर परत लावायला कुणी तरी येईल असं तुला तेव्हाच वाटत होतं का? की आपणच, रिटायर झाल्यावर, असं मनात होतं?

तुझ्यावर रागावणं मला सोपं होतं, दादा. आता तेही तू ठेवलं नाहीस.

बाकीचं सांगते. ढाळजेवर माळवद पुन्हा चढवलं. जुन्या कड्यांतल्या तीन वाळवीनं पोखरल्या होत्या, त्या बदलल्या. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके टेकू दिले आहेत, भूकंपासाठी. मातीचा थर वीतभर, त्याहून एक बोट जास्त नाही. इंजिनिअरनं भिंतीवर रेघ मारून दिली आहे. पुढच्या वर्षी नवी माती घालायची तर तेवढी जुनी आधी काढायची. ही शिस्त आजीच्या वेळी असती तर किल्लारीत कितीतरी माणसं वाचली असती. शटर गेलं, त्या जागी जुन्या दुकानांना असायचं तसं फळ्यांचं दार आलं. भाडेकरू पोरांना मी जा म्हटलेलं नाही. खोली त्यांचीच आहे, दिवसा कट्टा सगळ्यांचा. या ज्येष्ठात ती दुपारची आत झोपली.

गावात आता लोक बघायला येतात. एमआयडीसीतले एक साहेब आले होते, म्हणाले, ‘याचं रिसॉर्ट करा, हायवेवर आहे, चालेल.’ मी त्यांना चहा दिला आणि पाठवलं. खालच्या गल्लीतला एक जण मात्र तीनदा येऊन गेला. त्याचं अर्धं माळवद अजून शिल्लक आहे, पाडायच्या बेतात होता. त्याला मी तुझा पट्टा दाखवला आणि भिंतीतल्या सळया दाखवल्या. त्यानं इंजिनिअरचा नंबर घेतला आहे. आपल्या भागात माळवद पाडायचं की मरायचं, एवढेच दोन रस्ते आहेत असं सगळे धरून चालले. तिसरा रस्ता तू 1994 मध्येच काढला होतास, हे गावाला कळायला हवं. म्हणून हे पत्र मी फक्त तुला पाठवत नाही, छापायलाही देते आहे. रागावू नकोस.

आता कामाचं. सगळे बिल्ले मी मांडून पाहिले. पूर्वेचे सगळे आहेत, उत्तरेचे आहेत, पश्चिमेला हस्त नव्हतेच. दक्षिणेचे द 1, द 2, द 4, द 5. द 3 सापडत नाही. माळ्यावर बघितलं, गोठ्यात बघितलं. कुठं ठेवलास? आणि महिरपीच्या दोन तुकड्यांवर एकच आकडा आहे, त्यांतला डावा कोणता नि उजवा कोणता, हे सुताराला उमजत नाही. तो तासून बसवतो म्हणतो. मी त्याला हात लावू दिलेला नाही. पोळा झाला की तो पुन्हा येणार आहे, त्याच्या आत तू ये. सातव्या मजल्यावरून उतरायला लिफ्ट आहे, आणि चिंचवडहून इथपर्यंत आता सगळा चौपदरी रस्ता आहे. तुझा लेक सोडून जाईल. येताना तुझा जुना ओळंबा आण. इथल्या कुणाच्या ओळंब्यावर माझा विश्वास नाही.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. त्यालाही घेऊन ये. साण्यावर घमेलं पालथं घालायला आता तोच लागेल.

तुझी धाकटी
चिंचोळी